टायरातली खळ

वडगाव, बेळगाव
मंगळवार, दुपार (लाईट गेलीय, माग थांबलेत)

तीर्थस्वरूप दाजी यांच्या चरणी बसवंतचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी उजवा गुडघा सध्या जमिनीला टेकत नाही. उरलेल्या सात अंगांचा नमस्कार पूर्ण धरावा.)

तुमची कंबर आता कशी आहे? डॉक्टरांनी उभं राहून काम करायला परवानगी दिली का? आणि तुमचं लेथ मशीन कसं आहे? कंबरेपेक्षा मशीनची चौकशी जास्त मनापासून केलीय असं तुम्हाला वाटेल. तसं काही नाही, पण निपाणीत कंबर असलेली माणसं पुष्कळ आहेत, लेथ असलेले दाजी मला एकच. आक्काची शुगर उतरली असेल. आमच्याकडं सगळं क्षेम आहे. एक कोपर, वर सांगितलेला गुडघा आणि या पाकिटात आलेली वस्तू वगळून.

पाकीट उघडताना हाताला अल्युमिनियमचा मोडका तुकडा लागला असेल. त्याच्याकडं आत्ता बघू नका. टेबलावर ठेवा, वर चहाची बशी पालथी घाला आणि पुढं वाचा. आक्का जवळपास असेल तर आधी बशी, मग वाचन. मोबाईल असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. एक तर तुकडा मोबाईलमधून जात नाही. दुसरं म्हणजे तुम्हाला केलेला फोन आक्का उचलते, आक्काला कळलेलं रोज सकाळी दहाच्या फोनवर रक्षाच्या आईला कळतं, आणि तिला कळलेलं रक्षाला कळायला मधे फक्त एक पोळी भाजायची राहते. सगळीकडची रेंज जाते, या लाईनीची गेलेली मी कधी बघितली नाही. म्हणून हे पाकीट उद्या सकाळच्या निपाणी गाडीच्या कंडक्टरकडं देणार आहे. विणकर सोसायटीचे अर्ज तीस वर्षं मीच लिहीत आल्यामुळं मजकूर थोडा लांबेल, तो सोसावा.

विषय रक्षाच्या शर्यतीचा आहे. येत्या रविवारी बेळगुंदीच्या डोंगरात सायकलींची शर्यत आहे. डोंगरात म्हणजे डोंगराच्या रस्त्यावर नव्हे. जिथं शेळीसुद्धा पाय टाकण्याआधी एकदा मागं वळून बघते, तिथं. आमची रक्षा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, अंगानं कांडीएवढी आहे, आणि दोन वर्षं शेजारच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन तिनं ही डोंगरी सायकल उभी केलीय. विकत घेतली म्हणत नाही, उभी केली म्हणतो, कारण ती तुकड्यातुकड्यानं आली. आधी सांगाडा आला, मग आठ महिने नुसती खोकी येत राहिली. मुलाकडचे मुलगी बघतात तसा तिनं एकेक पार्ट बघितला: वजन किती, रंग कसा, मागं कुणाच्या सायकलीत नांदलाय का. शेवटी सगळं जोडून झाल्यावर मी बघितलं तर कॅरिअर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही. पुढं दात्यांचं चक्र एकच. बाकीची कुठं गेली म्हटलं, तर म्हणाली, “आता एकच असतंय आप्पा. मागं दहा हाईत की.” दाजी, लुगड्याचा काठ काढला, पदर काढला, बुट्टे काढले, तर जे उरतं त्याला आम्ही विणकर मांजरपाट म्हणतो. सायकलवाले त्याला वरचं मॉडेल म्हणतात.

त्याच दिवशी मी घरात एक कायदा केला: एकदा जरी सायकल मोडून घरी आणलीस, तर डोंगर बंद आणि शर्यतही बंद. रक्षानं मान हलवली. तेव्हापासून दर रविवारी ती चिखलानं म्हशीसारखी होऊन येते, पण सायकल धड असते. मी चष्मा लावून तपासतो. कायदा कडक असला की प्रजा सुधारते, असं मी सोसायटीत चार जणांना सांगूनही ठेवलंय. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं ते माझ्याच अंगावर येणार आहे.)

आता शर्यतीच्या फॉर्मवर एक ओळ आहे, ‘पालकांची सही’. मी म्हटलं, आधी वाट बघणार, मग सही. रक्षा म्हणाली, चला की, दाखवते. पण परीक्षा घेणाऱ्यानं पोराचं बोट धरून परीक्षेला जायचं म्हणजे काय? आपण एकट्यानं, न कळवता, तिच्याच सायकलीवर जाऊन बघायचं ठरवलं. परवाच्या रविवारी मायलेकी खानापूरला बारशाला जाणार होत्या, तो मुहूर्त धरला. तुम्हाला माहीतच आहे, मी आयुष्यभर सायकलवर सूत वाहिलंय. मागं दोन गठ्ठे, पुढं एक, आणि तोंडात पान. मला सायकल नवी नाही. असं मला वाटत होतं.

गुरुवारी मागच्या टायरात हवा कमी वाटली म्हणून व्हॉल्व्ह सैल केला, तर पांढरा पातळ चीक फुस्सदिशी चष्म्यावर आला. या टायरात ट्यूब नसते दाजी. आत हा चीक ओततात. काटा लागला की तो भोकाशी जाऊन सुकतो आणि भोक आपोआप बुजतं. रक्षाच्या खोक्यात त्याची बाटली होती, ती तळाशी वाळून खडखडत होती. मी चष्मा पुसला, बोटावर चीक घेतला, अंगठ्यानं चोळला, आणि मला मनापासून हसू आलं. परदेशातून बाटलीत भरून काय आलं, तर खळ. ताण्याच्या सुताला आपले आजे-पणजे जी लावत आले ती. पांढरी, चिकट, सुकली की धरून बसणारी. मी त्याच दुपारी मैद्याची ताजी खळ शिजवली, निवू दिली, वस्त्रगाळ केली आणि जनावरांच्या औषधाची पिचकारी आणून दोन्ही टायरांत व्हॉल्व्हमधून भरली. शनिवारी बघतो तर पंप न मारता टायर दगडासारखे टणक. मला वाटलं, विद्या फळाला आली. प्रत्यक्षात ती आत आंबत होती. खळीत मोरचूद घालायचा राहिला होता. (मोरचूद घातला असता तर आंबली नसती, हे माझं मत अजूनही कायम आहे. मूळ कल्पनेत दोष नाही.)

शनिवारी दुसरं काम केलं. चाक फिरवलं की ब्रेकची पातळ तबकडी ची-ची करायची. आमच्या धंद्यात एकच शास्त्र आहे: आवाज आला की तेल. चार माग तीस वर्षं त्या शास्त्रावर चाललेत. मी मागाच्या तेलाची चोच लावून दोन्ही तबकड्यांना पोटभर तेल पाजलं. आवाज गेला. आवाजाबरोबर आणखी काय गेलं ते उतारावर कळणार होतं.

रविवारी मायलेकींची गाडी हलली आणि मी रक्षाचं हेल्मेट डोक्यावर चढवून निघालो. हेल्मेट डोक्यात बसलं नाही, डोक्यावर बसलं. सरळ रस्त्यानं गेलो असतो तर निम्मं शहापूर भेटलं असतं, म्हणून हिंडलग्यावरून वळसा घातला. तिथं जेलच्या भिंतीपाशी सोसायटीचा मंथन भेटलाच. स्कूटर थांबवून खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, “काय वो बसवंतअण्णा, आत चाललाईसा का भाईर आलाईसा?” मी म्हटलं, तब्येतीसाठी. तो म्हणाला, “व्हय, पण डोस्क्यावर पपईचं साल कशाला?” अशा माणसाला सोसायटीवर निवडून देताना सूचक मी होतो.

बेळगुंदीच्या पुढं डांबर संपलं आणि चढ सुरू झाला. चढाबद्दल माझं चांगलं मत आहे. मागचं मोठं चक्र लावलं की पाय वाऱ्यासारखे फिरतात आणि सायकल जाग्यावर राहते. माणसाला विचार करायला सवड मिळते. एका शेळीनं मला मागं टाकलं, तिनं वळून बघितलं, मी दुसरीकडं बघितलं. हँडलला अंगठ्याशी एक खटका होता, तो घंटीचा असेल म्हणून दाबला, तर बसल्याबसल्या सीट लिफ्टसारखी खाली गेली आणि गुडघे कानाशी आले. ती वर कशी आणायची ते कळेना. तसाच, पाटावर बसून जेवायला निघालेल्या माणसासारखा, माथ्यावर पोचलो.

माथ्यावर वारा होता. तिथून रताळ्याची शेतं आणि लांब राकसकोप धरणाचं पाणी दिसतं. शर्यतीची वाट खाली उतरते, बैलगाडीच्या चाकोरीएवढी रुंद, मधे मुळ्या, दगड आणि करवंदीच्या जाळ्या. मी मनात म्हटलं, सही करायची नाही. हा निर्णय घेऊन मी दोन्ही पाय पायडलवर ठेवले आणि उतरायला लागलो.

पहिले शंभर फूट काय झालं ते मी तुम्हाला नंतर सांगतो. त्यापुढं मी ब्रेक दाबला. दाजी, ब्रेक लोण्यासारखा दाबला गेला आणि लोण्यानं जेवढी सायकल थांबते तेवढी थांबली. पुढचा दाबला, तोही तसाच. तेलाची आठवण तिथं आली. मी घाबरून हँडल घट्ट धरलं, अंगठा त्या खटक्यावर पडला, आणि नेमकं तेव्हाच अंग उचललेलं असल्यामुळं बुडलेली सीट स्प्रिंगसारखी वर आली. कुठं लागली हे पत्रात लिहिण्यासारखं नाही. मी जाळीत घुसलो, मागच्या टायरात काटा गेला, आणि चार दिवस आत कोंडलेली खळ बाहेर पडली. भोक बुजायचं सोडाच, त्या भोकातून आंबलेल्या खळीचं कारंजं माझ्या पाठीवर, डोक्यावर आणि हेल्मेटच्या भोकांतून आत. त्याच अवस्थेत बांध आला. बांधावर सायकल थांबली. मी थांबलो नाही.

उठलो तेव्हा रताळ्याच्या वेलात होतो आणि समोर शेताचा मालक रवळू आणि त्याची बायको मालुबाई उभे होते. त्यांचं कुत्रं माझी पाठ चाटत होतं. मालुबाईनं पदर नाकाला लावला आणि नवऱ्याला म्हणाली, “दारू न्हाय. आंबिल हाय.” रवळूनं सायकलीभोवती एक चक्कर मारली, टायरातून ठिबकणारा पांढरा थेंब बघितला आणि शांतपणे विचारलं, “पावणं, ह्यात विरजण लावलतं व्हय?” मी खळ म्हणालो. तो म्हणाला, “खळीवर कागुद चिकटतंय. सायकल न्हाय.” एवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. मला वाटलं घरून आला. बघतो तर कंपनीचा मेसेज, महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे. मी विचारलं, मी पडलो कुठल्या राज्यात? रवळू म्हणाला, “टावर तिकडला, जमीन हिकडली. रताळी दोन्हीकडं जात्यात. तुमी आदी उटा बगू.”

मालुबाईनं घागरभर पाणी पाठीवर ओतलं. कोपराला हळद लावताना म्हणाली, “एक बारीक पोरगी ऐतवारी हितनंच खाली उतरत्या. पडत बी न्हाय, वरडत बी न्हाय. जाताना हात करत्या.” पोरगी कुणाची ते मी सांगितलं नाही. अंगाला आंबिलीचा वास येत असताना बापानं ओळख द्यायची नसते. रवळूनं आपल्या टेम्पोत पोत्यांवर मला आणि माझ्यावर सायकल घालून वडगावात सोडलं.

सायकल घरी आली ती मोडूनच. मागच्या चाकापाशी गिअरचं यंत्र लोंबकळत होतं. सोमवारी शहापूरच्या सायकल दुकानात नेली. दुकानदारानं तबकड्या स्पिरिटनं पुसल्या, ब्रेकचे गुटके नवे घातले, टायर उघडून दहा मिनिटं बाहेर जाऊन उभा राहिला, मग आत येऊन ते धुतले आणि खरा चीक भरला. शेवटी म्हणाला, “बाकी झालं, पण ह्याचा हँगर मोडलाय. आमच्याकडं न्हाय.” मला हायसं वाटलं. मी तसाच घरी आलो आणि कपाटातून तारेचे दोन आणि प्लॅस्टिकचा एक असे तीन हँगर नेऊन त्याच्यापुढं ठेवले. त्यानं आधी हँगरांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मला बसायला स्टूल दिलं.

आता बशी उचला, दाजी. हा तो हँगर. याच्यावर मागचं गिअरचं यंत्र लटकतं. दुकानदार सांगत होता की हा मुद्दामच नाजूक करतात. दगड लागला की यानं मोडायचं आणि मागची महागाची फ्रेम वाचवायची. म्हणजे दोन घरांच्या भांडणात जे काम मेहुण्याचं, तेच सायकलीत याचं. पण मेहुणे कुठंही मिळतात, हा प्रत्येक सायकलीचा वेगळा. बेंगळूरहून यायला दहा दिवस. शर्यतीला उरलेत पाच. रक्षाचे कॉलेजात शुक्रवारपर्यंत प्रॅक्टिकल आहेत, ती दमून येते आणि जेवून झोपते, म्हणून अजून निभावलंय. सायकल मागाच्या खोलीत जुन्या लुगड्याखाली झाकून ठेवलीय. शनिवारी ती लुगडं उचलणार. कायदा माझा, मोडणारा मी, आणि शिक्षा पोरीला, अशी ही गत आहे.

तेव्हा याच्यावरून हुबेहूब दुसरा करून शुक्रवारच्या संध्याकाळच्या गाडीनं पाठवा. दोन्ही तुकडे पाठवलेत, जोडून माप घ्यावं. मोठ्या भोकातले आटे फार बारीक आहेत, तिथं घाई करू नये. कंबरेला जपून काम करावं, पण करावं.

तुमचा,
बसवंत

ता. क. १. आक्काला हे दाखवू नये. तिनं विचारलंच तर मागाचा पार्ट म्हणावं. आक्का विणकराची मुलगी आहे, तिला पटणार नाही, पण तोवर शुक्रवार येईल.

ता. क. २. पहिल्या शंभर फुटांचं राहिलं. ब्रेक दाबायच्या आधी, दाजी, सायकल आपली आपण वाट शोधत होती. मुळी आली की पुढचा शॉकअप दबायचा, दगड आला की हँडल हातात नाचायचं, आणि मी, बसवंत, वय चोपन्न, मोठ्यानं हसत होतो. का ते मला अजून कळलेलं नाही. एवढं मात्र कळलं की पोरगी तिकडं कशाला जाते.

ता. क. ३. फॉर्मवर सही रविवारी संध्याकाळीच केलीय, डाव्या हातानं टेकू देऊन. हँगर आल्याशिवाय फॉर्म देऊन उपयोग नाही, म्हणून तो पंचांगात ठेवलाय.

ता. क. ४. निपाणीच्या बाजारात कुणी जुनी डोंगरी सायकल विकणार असेल तर सहज विचारून ठेवावं. एका ओळखीच्या माणसासाठी हवीय. उंची माझ्याएवढीच आहे. डोकं मोठं आहे.

मामा, मी रक्षा. साष्टांग नमस्कार (आठही अंगांचा).

आप्पांनी पाकीट खळीनं चिकटवून देव्हाऱ्यापाशी ठेवलं होतं. नुसतं हातात घेतलं तर उघडलं. सोमवारपासून मागाच्या खोलीत आंबोळीच्या पिठाचा वास येतोय आणि लुगड्याखाली दोन चाकं दिसतात, त्यामुळं बाकीचं वाचायची तशी गरज नव्हती. पण वाचलं.

तुकड्याची कड नीट बघा. निम्मी चकचकीत आहे आणि निम्मी काळी. काळी माझी. गेल्या महिन्यात बेळगुंदीच्या त्याच बांधाजवळ दगड लागून हँगर वाकला होता. मी तो आप्पांच्या मागाच्या पान्यानं सरळ केला, तेव्हाच त्याला चीर गेली. कायद्याची भीती होती म्हणून घरी बोलले नाही, आणि आप्पा चष्मा लावून बघायचे तेव्हा त्या बाजूला मी उभी राहायचे. आप्पा पडले नसते तर रविवारी शर्यतीत तो मोडला असता. उतारावर आमचा वेग आप्पांपेक्षा थोडा जास्त असतो.

हे त्यांना सांगू नका. कालपासून ते येता-जाता लुगड्याखाली हात घालून सायकल पुसतात, माझ्यापेक्षा चांगली पुसतात. तेल फक्त चेनला लावायचं हे मी त्यांना दुसऱ्याच कुणाचं तरी उदाहरण देऊन सांगितलंय. त्यांनी लिहून घेतलं.

हँगर एक नको, दोन करा, एक जादाचा माझ्या पिशवीत राहील. ती ‘ओळखीच्या माणसाची’ सायकल मिळाली तर तिलाही वेगळा लागेल, तेव्हा लेथ पुसूनच ठेवा.

पाकीट परत खळीनंच चिकटवलंय. म्हणजे आक्काआत्या उघडेल तेव्हा फाटणार नाही.